सातव्या खाटेची पाटी

व्हायोलेट चौथीपर्यंत शिकली होती. त्यानंतर सुकटाच्या टोपल्यांनी तिची शाळा सोडवली ती कायमची. पण चार वर्षांत शिकलेली अक्षरं ती विसरली नव्हती, आणि हे त्या हॉस्पिटलात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लुगडं नेसलेली, हाताला बोंबलाचा वास असलेली बाई वाचू शकते असं सहसा कुणाला वाटत नाही.

चेण्याच्या बाजूला, घोडबंदर रोडवरून आत, डोंगराच्या पायथ्याशी एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल होतं. त्यात टीबीचा बारा खाटांचा वॉर्ड. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी शाळेतली असते तशी पाटी टांगलेली. तिच्यावर खडूनं पेशंटचं नाव आणि त्याखाली रोग. बाराही पाट्यांवर रोग एकच, पण लिहायची पद्धत होती म्हणून लिहायचे. सातव्या खाटेवर व्हायोलेटचा नवरा ह्युबर्ट होता. त्या सोमवारी तारोडीच्या कोळीवाड्यातून दोन बस आणि एक सहा आसनी रिक्षा करून ती पोचली तेव्हा ‘टीबी’च्या खाली दोन शब्द नव्यानं आलेले दिसले. ‘गोळ्या टाकतो.’

तिनं ते तीनदा वाचलं. मग पिशवी खाली ठेवली.

“ह्ये कुनी लिवलं?”

ह्युबर्टनं डोळे उघडले. अंगावर मांस असं उरलंच नव्हतं, बावन्न किलोंचा माणूस एक्केचाळिसावर आला होता. “डाक्टरनी. सकालच्याला झाडताना खाटेखाली गोली गावली. बोलले तुजीच हाय.”

“तू टाकलीस?”

“न्हाय.”

“माज्याकडं बग आनि बोल.”

“न्हाय गो. गिलली. सगल्या गिलल्या.”

व्हायोलेटनं सत्तावीस वर्षं या माणसाची थापेबाजी ऐकली होती. समुद्रात बोटीएवढा मासा बघितला, मुंबईच्या शेठनं हात मिळवला, असलं तो पोत्यानं सांगायचा. पण थाप मारताना ह्युबर्टचा डावा कान हलायचा. हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. आज कान हलला नाही. संपलं तर मग. आता डॉक्टर काय, साक्षात बिशप आला असता तरी ती ऐकणार नव्हती.

डॉक्टर शशिकांत पेठे वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मीरा रोडला राहायचा, तीन ठिकाणी काम करायचा, आणि टीबीचे पेशंट गोळ्या अर्ध्यावर सोडून मरतात हे त्यानं इतक्या वेळा पाहिलं होतं की आता त्याला प्रत्येक पेशंटच्या मुठीत लपवलेली गोळी दिसायची. ह्युबर्टच्या बाबतीत त्याच्याकडे पुरावेही होते. पाच महिने औषध चालू, तरी थुंकीत जंतू. वजन उतरतंय. हॉस्पिटलात येऊन सोळा दिवस झाले, सिस्टर समोर उभी राहून गोळ्या देते, तरी फरक नाही. त्यात झाडताना सापडलेली ती गोळी. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे उशीखाली सापडलेली बाटली.

ती बाटली त्यानं आपल्या टेबलावर ठेवली होती. रमची क्वार्टर, आत तपकिरी पाणी.

“बाई, ट्रस्टचा नियम आहे,” तो म्हणाला. “दारू पिणारा आणि गोळ्या टाकणारा पेशंट आम्ही ठेवत नाही. बाहेर नऊ जण खाटेची वाट बघतायत. शुक्रवारी यांना घरी न्या.”

“घरी नेला तर मरंल त्यो.”

“ते त्यांनी गोळ्या टाकताना बघायला हवं होतं.”

व्हायोलेटनं बाटली उचलली, बूच काढलं आणि उभ्या उभ्या अर्धी पिऊन टाकली. डॉक्टर खुर्चीतून उठायच्या बेतात आला. तिनं ओठ पुसले आणि उरलेली बाटली त्याच्या नाकासमोर धरली.

“हुंगा.”

त्यानं हुंगलं. आल्याचा वास आला, आणि गुळाचा.

त्या बाटलीची गोष्ट अशी. ह्युबर्ट पट्टीचा पिणारा होता हे खोटं नाही. दोन वर्षांपूर्वी वेलंकनी माउलीच्या सणाला त्यानं दारू सोडली, माउलीच्या समोर मेणबत्ती लावून सोडली. पण संध्याकाळ झाली की हात थरथरायचे, बोटं काहीतरी शोधायची. तेव्हा व्हायोलेटनं डोकं लढवलं. गूळ आणि आलं उकळून, गार करून तिनं त्याच जुन्या क्वार्टरमध्ये भरलं आणि त्याच वेळेला त्याच्या हातात दिलं. हाताला बाटली मिळाली, जिभेला चटका मिळाला, आणि ह्युबर्टची दारू सुटली. तारोडीत मात्र सुटली नाही. गाव बाटली बघतं, बाटलीतलं बघत नाही. दारोदार जाऊन सांगत फिरायचा व्हायोलेटचा स्वभाव नव्हता. बोलणाऱ्यांच्या तोंडाला झाकण नसतं, आपण आपल्या मडक्यावर ठेवावं, असं ती म्हणायची.

मग टीबी निघाला. शक्ती यायला हवी, असं ज्यानंत्यानं सांगितलं. संध्याकाळची एक बाटली तीनवर गेली. ह्युबर्टला तहानही अशी लागायची की घशात वाळू भरल्यासारखी. तीनच्या सहा झाल्या. वाड्यातल्या बायका बघायला येताना ग्लुकोजची पावडर आणायच्या, खजूर आणायच्या. व्हायोलेट सगळं मनोभावे त्याच्या पोटात घालायची. आणि तो वाळतच गेला.

“बरं, दारू नाही,” डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज थोडा खाली आला, पण मान नाही. “मग गोळीचं काय? सातव्या आणि आठव्या खाटेच्या मधे पडलेली होती.”

“मंग आठव्याची आसंल.”

“आठव्या खाटेवरचे दाजी सहा आठवडे इथं आहेत. त्यांची एक तक्रार नाही. बाई, मला रोज शंभर पेशंट खोटं बोलतात.”

“मना तुमचे शंभर म्हाईत न्हाय. माजा एक म्हाईत हाय. पाटी पुसा.”

“शुक्रवारी घेऊन जा,” डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या कागदाकडे वळला.

व्हायोलेट बाहेर आली ती तणतणत. तिला राग आला की ती चालताना टाचा आपटायची, त्या आवाजानं तारोडीतली मांजरंसुद्धा सुकटापासून लांब व्हायची. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर नियम सांगतात. घरी न्यायचं म्हणजे समोर बसवून हळूहळू मरताना बघायचं. ते ती करणार नव्हती. शुक्रवारपर्यंत तिच्या हातात चार दिवस होते.

तिनं गिरिजा सिस्टरला गाठलं. गिरिजा तिशीची, दहिसर सोडून भाईंदरला राहायला आलेल्या घरातली, बोलायला मोजकी. ड्रेसिंगच्या ट्रेवर बोळे लावत होती.

“सिस्टर, गोली पोटात ग्येली का न्हाय, ह्ये कलायचा काय उपाय हाय का?”

गिरिजानं दाराकडे बघून घेतलं. “मावशी, औषध सुरू केलं तेव्हा सांगितलं नव्हतं का? लघवी लाल होते. ती लाल गोळी आहे ना, तिचा रंग उतरतो. गोळी गिळली तर दोन-तीन तासांत कळतं. नुसती तोंडात धरून टाकली तर रंग येत नाही.”

“मंग डाक्टरनी का न्हाय बगितला?”

गिरिजानं आवाज खाली आणला. “बघायला पेशंटवर आधी विश्वास लागतो,” ती म्हणाली आणि लगेच बोळे मोजायला लागली.

गोळ्या एक दिवसाआड असायच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. व्हायोलेट मंगळवारी सुकट विकायला गेली नाही. बुधवारी पहिल्या बसनं निघाली आणि गोळ्यांच्या आधी वॉर्डात हजर झाली. येताना काचेचा ग्लास आणला होता, राखेनं घासून, उकळत्या पाण्यातून काढून. क्वार्टरची बाटली मुद्दाम आणली नाही. गुळाचा अंश राहिला असला तर डॉक्टर पुन्हा फाटे फोडील, एवढं तिला कळत होतं.

सिस्टरनं गोळ्या दिल्या. ह्युबर्टनं सगळ्यांसमोर गिळल्या, जीभ वर करून दाखवली, खाली करून दाखवली.

“दात पन मोजता काय?” त्यानं विचारलं.

“गप बस,” व्हायोलेट म्हणाली.

दुपारी एकच्या सुमाराला तो ग्लास भरून आला. लालभडक म्हणावा असा, नारिंगीकडे झुकलेला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिनं तो ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला, सगळ्या वॉर्डाला दिसेल असा, आणि शेजारी स्टूल ओढून बसली. डॉक्टरचा राउंड चारला होता. तीन तास ती देवळातल्या समईसारखी ग्लास राखत बसली.

आठव्या खाटेवरून दाजी बघत होता. चेण्याचाच म्हातारा, जन्मभर खदाणीत दगड फोडलेला. तो एकदा ग्लासाकडे बघायचा, एकदा भिंतीकडे तोंड करायचा.

दोन वाजता पहिली मुंगी आली. व्हायोलेटनं फुंकर मारून उडवली. मग चार आल्या. तिनं पदरानं कट्टा पुसला. अडीच वाजता खिडकीच्या चौकटीतून रीतसर रांग लागली, थेट ग्लासाच्या कडेपर्यंत. आपला पुरावा या नासवणार असं तिला वाटलं आणि ती भडकली. ग्लास कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नेला. दहा मिनिटांत रांग वळून तिथं हजर. तिनं ग्लास पाण्याच्या ताटलीत ठेवला. मुंग्या ताटलीच्या काठावर घुटमळत राहिल्या, हटेनात.

तेव्हा तिचा हात थांबला.

मुंग्या तिला चांगल्या ठाऊक होत्या. सुकट राखायचं म्हणजे मांजर राखायचं, घार राखायची, माशी राखायची. अशी रांग घराच्या एकाच कोपऱ्यात लागते. जिथं गुळाची ढेप असते तिथं.

तिनं पिशवीकडे बघितलं. पिशवीत आज तीन बाटल्या होत्या, येताना सवयीनं भरून आणलेल्या. ह्युबर्टची तहान, तासातासाला उठणं, एवढं घालूनही वाळत जाणं, सगळं तिच्या डोळ्यासमोर त्या मुंग्यांसारखं एका ओळीत येऊन उभं राहिलं. तिच्या मावशीचं असंच झालं होतं. मावशीला साखर होती, पाय कापला होता. पण मावशीला टीबी नव्हता. टीबीच्या माणसाला टीबी, आणि साखरेच्या माणसाला साखर, असंच व्हायोलेट धरून चालली होती. डॉक्टरही तसंच धरून चालला होता. त्या हॉस्पिटलात टीबीच्या पेशंटची साखर बघायचा नेमच नव्हता.

ग्लास ताटलीतच ठेवायचा आणि मुंग्या झटकून टाकायच्या, असं एकदा तिच्या मनात आलं. लाल रंग पुरेसा होता. नवऱ्यावरचा आळ त्यानं गेला असता, आणि गुळाचं कुणाला कळलं नसतं. हा विचार तिनं केला, हे ती पुढं कधी नाकारायची नाही. मग तिनं ग्लास ताटलीतून उचलला, पुन्हा कट्ट्यावर ठेवला आणि मुंग्यांना येऊ दिलं.

डॉक्टर चारला आला. ग्लास बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

“हे काय?”

“तुमच्या गोलीचा रंग,” व्हायोलेट म्हणाली. “सिस्टरच्या समोर गिलली, एक वाजता मुतला. ग्लास घरचा, उकलून आनलेला. इस्वास नसंल तर तुमच्या बाटलीत परत घ्या.”

डॉक्टरनं ग्लास उजेडात धरला. रंग त्याला नवा नव्हता. सोळा दिवस हा माणूस खोटारडा असं समजून त्यानं फक्त हीच गोष्ट बघायची ठेवली होती. “ठीक आहे,” तो म्हणाला. “गोळी गेली आहे पोटात.”

“थांबा. आजून हाय. कट्टा बगा.”

त्यानं बघितलं. मुंग्यांची रांग आता जाड झाली होती. डॉक्टर कट्ट्यावर वाकला. मग म्हणाला, “सिस्टर, साखर बघायचं बेनेडिक्टचं पाणी आहे का?”

गिरिजानं काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, हॉस्पिटलच्या स्वच्छ बाटलीत ह्युबर्टकडून घेतलेले ताजे थेंब त्यात टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. वॉर्डातले बसू शकणारे सगळे उठून बसले. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, आणि शेवटी विटेच्या रंगाचं होऊन तळाशी बसलं. त्यानंतर बोटातून रक्त घेतलं. साखर चारशे बारा.

“म्हणून टीबी हटत नव्हता,” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “साखर एवढी असली की जंतूंचं फावतं. गोळ्या एकट्या काय करणार? बाई, यांना गोड काय काय देता तुम्ही?”

व्हायोलेटनं पिशवी उचलली. तिन्ही बाटल्या काढून त्याच्यासमोर ओळीनं ठेवल्या. ग्लुकोजचा डबाही ठेवला.

“दिसाला सहा. पाच म्हयने,” ती म्हणाली. “माज्या हातानं. शक्ती येवाला.”

तिला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती, कारण जिंकायला आलेल्या बाईनं रडायचं नसतं.

“व्हायलेट,” ह्युबर्ट म्हणाला, “तुजा गूल नसता तं मी दारूनंच मेलो असतो. दोन वरसा आदीच. ह्यो हिशेब पन धर.”

त्याचा कान हलला नाही.

तेवढ्यात आठव्या खाटेवरून दाजी बोलला. भिंतीकडे तोंड करूनच बोलला. “डॉक्टर, ती गोली माजी व्हती.”

सगळे वळले.

“टाकतो मी. तीन हप्ते झाले. खाल्ली की आतडी बाहेर येतात, समदं उलटून पडतं. बोललो असतो तर तुम्ही पाटीवर लिवलं असतं. मंग मी बोललोच नाय. त्या कोल्याचं नाव झालं, म्हनलं होऊ दे.” तो या कुशीला वळला. “त्याचं चुकलं नाय काय. माजं चुकलं.”

डॉक्टर त्याच्या खाटेपाशी गेला, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली. डोळे हळदीसारखे पिवळे होते. रोज राउंड घेताना तो दाजीची छाती ऐकायचा. डोळे बघितलेच नव्हते.

“यांच्या गोळ्या आज बंद ठेवा, सिस्टर. आधी लिव्हर बघू,” तो म्हणाला. मग मागं वळून व्हायोलेटला म्हणाला, “हे राहतील इथंच. साखरेची इंजेक्शनं आजपासून सुरू करतो. शुक्रवारचं विसरा.”

“पाटी,” व्हायोलेट म्हणाली.

“सिस्टर पुसेल.”

“सिस्टरनं न्हाय लिवली. ज्या हातानं लिवली त्याच हातानं पुसा.”

गिरिजा खाली बघायला लागली. डॉक्टरनं खिशातून रुमाल काढला आणि ते दोन शब्द पुसले. खडूचा डाग राहिला, तो त्यानं पुन्हा पुसला. मग ‘टीबी’च्या खाली ‘डायबिटीस’ लिहिलं.

व्हायोलेटनं एकेक अक्षर लावून ते वाचलं. बरोबर होतं. तरी ती पाटीसमोरून हलली नाही.

“आनि त्याच्या खाली लिवा, बायकोनं गूल दिला.”

“बाई, असं कुठं लिहितात का?” डॉक्टर म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थोडी माया आली होती. “ही रोगाची पाटी आहे. इथं माणसाची चूक नाही लिहायची.”

“मंग त्याची का लिवलीत?” व्हायोलेट म्हणाली.

डॉक्टर खडू खाली ठेवून पहिल्या खाटेकडे गेला. तिथल्या माणसाला उठून बसायला सांगितलं, डोळे बघितले, तहान लागते का विचारलं, पाय सुजतात का विचारलं. मग दुसऱ्या खाटेकडे. गिरिजा सिस्टर निळ्या पाण्याची बाटली आणि स्पिरिटचा दिवा घेऊन त्याच्या मागं निघाली. राउंड रोज वीस मिनिटांत आटपायचा, त्या दिवशी सहा वाजून गेले तरी चालू होता.

व्हायोलेटनं तिन्ही बाटल्या खिडकीबाहेर मोरीत रिकाम्या केल्या. एक नळाखाली चांगली तीनदा विसळली, साध्या पाण्यानं भरली आणि ह्युबर्टच्या हातात दिली.

त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “ह्याला काय चव हाय?”

“न्हाय,” ती म्हणाली. “पी.”